क च्या जागी ल

वडशाला स्टेशनरोडवर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी टायपिंग पानाला पंधरा.
दिवाळीआधी नाटकवाल्यांची रांग लागते,
शंकरपट सुरू व्हायच्या आत सगळ्यांना वह्या हव्यात.

केवळराम गहाणे त्यात सर्वांत हळू बोलणारे.
सायकलच्या कॅरिअरला पन्नीत बांधलेली वही,
तिरपं अक्षर, समासात दुधाचा हिशोब.
मी टाइप करायची, ते स्टुलावर बसून
सगळी पात्रं ओठांतल्या ओठांत बोलायचे.
खलनायकही, नाचणारीही.

त्या वर्षी म्हणाले, 'नाटक नोहोय, पिच्चर हाय.
मुंबईवरून मानसं आलते, त्याइच्यात नागपूरचा एक पोट्टा.
रातभर बसला पेंडालात, म्हने हेच लिवून द्या.'
एकशे बारा पानं झाली.
करारही माझ्याच मशीनवर झेरॉक्स झाला
म्हणून वाचला मी :
अकरा हजार, एकरकमी,
आजवर निघालेल्या व यापुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत,
संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.
'विश्व म्हंजे?'
मी म्हटलं, सगळंच.
'गडचिरोली धरून?'
आणि सही केली,
वर शिरोरेघ ओढून, शाळेत शिकवतात तशी.

पिच्चर दोन वर्षांनी मोबाइलवर आला.
लाइट गेलेली, दुकानात आम्ही दोघंच.
कथा-पटकथा-संवाद :
तीन शब्द, मध्ये दोन आडव्या रेघा,
पुढे त्या नागपूरच्या मुलाचं नाव.
खूप शेवटी, जेवणवाल्यानंतर, जनरेटरवाल्यानंतर,
'वडसा परिसरातील समस्त ग्रामस्थांचे आभार.'
गहाणे म्हणाले, 'त्याच्यात आहोच ना मी.'

पण मध्येच एक प्रसंग येऊन गेला होता.
रोवणीवरून आलेला पोरगा, चूल थंड.
वहीत होतं : 'पोटाले भूक लागली, माय.'
पडद्यावर तो म्हणाला :
'पोटाले भूल लागली, माय.'

त्या ओळीवर पेपरात रकाना आला.
उपाशी पोटाला भूल पडते, काय प्रतिमा वगैरे.
मुलाखतीत तो मुलगा म्हणाला,
हा शब्द मला एका पहाटे सुचला.

पहाटे!
दुपारचे अडीच वाजले होते,
इन्व्हर्टर टुकटुक करत होता,
मी घाईत
क च्या जागी ल मारला.

फाइल काढली. तारीख होती, वेळ होती, पान अडुसष्ट.
म्हटलं, गहाणे, लेखकांच्या संघटनेला अर्ज करू.
ते विचारतील नोंदणी केली होती का,
आपण ही चूक दाखवू.
एकच गोष्ट दोघांना सुचू शकते,
दुसऱ्याची चूक कोणाला सुचत नाही.

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.
मग म्हणाले, 'ज्याले टाळी पडली
तो शब्द तं माहा नोहोय.'
आणि अर्जात लिहायला लावलं :
एकशे बारा पाने माझी, एक शब्द वगळून.
सदर शब्द श्रीमती पौर्णिमा ठवरे, टंकलेखिका, यांचा.

मी भांडले. यानं केस कमजोर होईल,
लोक हसतील,
ती चूक आहे हो, शब्द नाही.
'लिव्हा बाई,' म्हणाले,
'आपन बी तसंच करावं का?'

ठवरे लिहिताना दोनदा चुकलं.

पत्र रजिस्टरनं गेलं. उत्तर यायचं आहे.
पावती घामानं पुसली जाईल म्हणून
मी लॅमिनेट करून दिली, पैसे नको म्हटलं.
त्यांनी पन्नी सोडली,
वहीतून वीसची नोट काढली,
काउंटरवर ठेवली,
आणि सुट्ट्यासाठी थांबले.